हौद्यात पडलेला केनी

केनीच्या पोटात गोळी लागलीय. पिकअप ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात तो पडलाय, बाहेर बर्फ, बोचरा वारा, आणि त्याचे दोन मित्र, टब आणि फ्रँक, त्याला हॉस्पिटलला घेऊन निघालेत. गाडीची पुढची काच फुटलेली आहे त्यामुळे आत बसलेल्या दोघांनाही थंडी सहन होत नाहीये, म्हणून ते वाटेत एका ठिकाणी थांबतात, जरा ऊब घेऊ आणि लगेच निघू म्हणून. आत गेल्यावर हातापायांत जरा जीव येतो आणि मग फ्रँक टबला मनातलं सांगायला लागतो. तो प्रेमात पडलाय, बायकोला सोडायचं त्याच्या मनात आहे. कुणाच्या प्रेमात, तर मुलांना सांभाळायला येणाऱ्या मुलीच्या, आणि ती मुलगी पंधरा वर्षांची आहे.

टब आधी दचकतो. मग म्हणतो, मी तुझा मित्र आहे, काहीही झालं तरी मी तुझ्या बाजूने.

टोबायस वुल्फ यांची 'हंटर्स इन द स्नो' ही कथा, १९८१ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहातली. मी ती पुन्हा पुन्हा वाचते आणि दरवेळी या टेबलापाशी अडकते. कारण वुल्फ एकदाही सांगत नाहीत की बघा हे दोघं कसे आहेत ते. उलट तो संवाद फार मायेने लिहिलाय. कथेच्या सुरुवातीपासून टबला त्याच्या लठ्ठपणावरून दोघं छळत आलेत, आणि आता फ्रँक पहिल्यांदा त्याच्याशी माणसासारखा बोलतोय. पुढच्या थांब्यावर टबही आपलं गुपित सांगतो, की ग्रंथींचा आजार वगैरे काही नाही, तो नुसता खातो, चोरून, बायकोपासूनही लपवून. यावर फ्रँक हसत नाही. तो टबसाठी प्लेटीच्या प्लेटी पॅनकेक मागवतो आणि म्हणतो खा, पोटभर खा, आणि टब त्याच्यासमोर बसून सगळं खातो, तोंडाला पाक लागलेला, पुसायचीही शुद्ध नाही. दोन माणसांनी वर्षानुवर्षं लपवून ठेवलेलं एकमेकांसमोर ठेवलंय आणि कुणी कुणाला हिणवलं नाही. एवढंच बघितलं तर मैत्रीवर इतकं सुंदर कुणी क्वचितच लिहिलं असेल.

आणि या सगळ्या वेळात केनी बाहेर हौद्यात पडलाय. त्याच्या अंगावरची पांघरुणं वाऱ्याने उडतायत. हॉस्पिटलचा रस्ता ज्या कागदावर लिहून घेतला होता तो कागद हे दोघं पहिल्या टेबलावर विसरून आलेत.

वाचणाऱ्याला केनी आठवतो का, हा खरा प्रश्न आहे. त्या दोन-चार पानांत वाचणारासुद्धा टेबलावरच बसलेला असतो, फ्रँकचं ऐकत, टबचं ऐकत, त्याला बरं वाटत असतं की चला शेवटी हे दोघं मोकळे झाले. लेखकाने आपल्याला बाहेरचं काही दाखवायचं बंद केलेलं असतं आणि आपण मागतही नाही. हे काम लघुकथाच करू शकते असं मला वाटतं. कादंबरीत कुणीतरी मध्येच बाहेर जाऊन बघून येईल, एखादं प्रकरण केनीच्या बाजूने येईल, नंतर पश्चात्ताप वगैरे येईल. कथेत तेवढी जागाच नाही, जे पानावर नाही ते नाहीच, आणि मित्रांच्या आंधळेपणाचंही तसंच असतं, टेबलाच्या पलीकडचं काही उरतच नाही.

मित्र दगा देतात, पाठीत सुरा खुपसतात, हा विषय जुना आहे आणि खरं सांगायचं तर सोपा आहे. त्यात वाईट कोण ते लगेच कळतं. अवघड ते असतं जिथे मित्र एकमेकांशी अगदी खरं वागतायत, जीव लावतायत, आणि त्याच वेळी दोघं मिळून तिसऱ्या कुणाचा तरी बळी देतायत आणि त्यांना ते दिसत नाही, आणि दिसत नाही ते त्या जीव लावण्यामुळेच. टब फ्रँकला समजून घेतो, म्हणजे एका अर्थी माफ करून टाकतो. पण माफ करायचा हक्क टबला कुणी दिला? तो असलाच तर त्या पंधरा वर्षांच्या मुलीचा आहे आणि फ्रँकच्या बायकोचा आहे, आणि त्या दोघी कथेत एकदाही समोर येत नाहीत. त्यांच्या वाट्याची माफी दोन पुरुषांनी टेबलावर आपसात वाटून घेतली आणि वर दोघांना वाटलं की आपण आज जरा चांगली माणसं झालो.

या कथेवर आमच्या काही वाचणाऱ्या मंडळींत मोठी चर्चा झाली होती. एक मैत्रीण ठामपणे म्हणाली, अगं पण केनी काय कमी होता का, सुरुवातीला त्यानेच टबच्या अंगावर गाडी घालायचं नाटक केलं, दिवसभर त्याला टोचत होता, त्याच्याबद्दल मला काही वाटतच नाही. हे ती म्हणाली ते खोटं नाही. केनी दांडगट आहे. शिकारीत काही मिळालं नाही म्हणून चिडून तो म्हणतो मला हा खांब आवडत नाही आणि खांबावर गोळी झाडतो, मग झाडावर, मग शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या कुत्र्यावर, आणि कुत्रा मरतो. मग टबकडे वळून म्हणतो मला तू आवडत नाहीस. टबला वाटतं आता आपली पाळी, आणि तो आधी गोळी घालतो. नंतर कळतं की कुत्र्याला मारायला शेतकऱ्यानेच सांगितलं होतं, कुत्रा फार म्हातारा झाला होता आणि त्या माणसाचा स्वतःचा हात उचलत नव्हता. म्हणजे केनी दिसत होता तितका क्रूर नव्हता, त्याची ती सगळी नेहमीसारखी थट्टाच चालली होती. ते कळल्यावर टब आणि फ्रँक हसतात, आणि हसून झाल्यावरसुद्धा गाडी काही हॉस्पिटलकडे वळत नाही, चुकीच्या रस्त्यावरच चालत राहते, आणि केनी मागे पडल्या पडल्या स्वतःला सांगत राहतो की मी हॉस्पिटलला चाललोय.

मैत्रिणीचं ते वाक्य मला महत्त्वाचं वाटतं कारण आपण सगळे तेच करतो. ज्याचं नुकसान झालंय तो माणूस तसाही फारसा चांगला नव्हता, हे शोधून काढलं की आपल्याला हायसं वाटतं. वुल्फ यांनी मुद्दाम केनीला आवडण्याजोगा केला नाही. तो गरीब, भला, देवमाणूस असता तर त्याला विसरणं जड गेलं असतं.

रिंग लार्डनर यांची 'हेअरकट' ही १९२५ सालची कथा याच्याही पुढे जाते. त्यात एक न्हावी खुर्चीवर बसलेल्या नव्या गिऱ्हाइकाला गावातल्या जिम केंडल नावाच्या माणसाच्या गमतीजमती सांगतोय. जिम आता मेलाय आणि न्हाव्याला त्याची आठवण येते, काय माणूस होता म्हणतो, गावाला हसवायचा. आणि मग तो ज्या गमती सांगतो त्या ऐकताना अंगावर काटा येतो. ओळखपाळख नसलेल्या माणसांना तुमची बायको बाहेर काय करते ते बघा अशी पत्रं पाठवायची. बायकोमुलांना सर्कसला नेतो म्हणून तंबूच्या दाराशी उभं करायचं आणि स्वतः यायचंच नाही. ज्युली नावाची मुलगी गावातल्या डॉक्टरवर जीव टाकून आहे हे कळल्यावर डॉक्टरच्या आवाजात तिला फोन करून बोलवून घ्यायचं, आणि ती रात्री धडधडत्या छातीने जिन्यापाशी येऊन डॉक्टरला हाक मारते तेव्हा जिन्याखाली लपलेल्या सगळ्या टोळक्याने बाहेर येऊन तिची टर उडवायची.

ते टोळकं मला विसरता येत नाही. जिम एकटा असता तर तो नुसता दुष्ट माणूस झाला असता. जिन्याखाली अंधारात श्वास रोखून उभे असलेले ते बाकीचे, त्यांच्यापैकी एकालाही ज्युलीचा राग नव्हता, कुणाचं तिच्याशी वाकडं नव्हतं, काहींना तर ती आवडतही असेल. ते तिथे होते कारण त्यांचा मित्र तिथे होता आणि न जाणं म्हणजे मजा घालवणं. न्हावी हे सगळं हसत हसत सांगतो आणि त्याच्या आवाजात कुठेही चोरटेपणा नाही, म्हणून ती कथा इतकी भयंकर आहे. तो काही लपवत नाहीये. त्याला खरंच वाटतं की जिम मनाने वाईट नव्हता, जरा वात्रट होता इतकंच. पुढे जिमला एक पोरगा बंदुकीने मारतो, लहानपणी झाडावरून पडून डोक्याला मार बसलेला, ज्याला गाव अर्धवट म्हणतं आणि ज्याच्याशी डॉक्टर आणि ज्युली तेवढे नीट वागतात. गाव त्याला अपघात म्हणतं, न्हावीही म्हणतो, आणि लगेच गिऱ्हाइकाला विचारतो, केस ओले करून विंचरू की कोरडे. गिऱ्हाईक कथाभर एक शब्द बोलत नाही. त्या खुर्चीत आपणच बसलेलो असतो.

ऑस्कर वाइल्ड यांच्या १८८८ सालच्या 'द डिव्होटेड फ्रेंड' मध्ये हेच लहान मुलांच्या गोष्टीच्या रूपात आहे, श्रीमंत गिरणीवाला मैत्रीवर सुंदर सुंदर बोलत राहतो आणि गरीब हान्सकडून फुलं, फळी, मेहनत आणि शेवटी जीवसुद्धा घेतो, आणि अंत्ययात्रेत सगळ्यांच्या पुढे चालतो. गोष्ट छान आहे पण मला ती जरा सोपी वाटते, त्यातला गिरणीवाला पहिल्या पानापासून उघडा पडतो. खरे आंधळे मित्र इतके ओळखू येत नाहीत.

आपल्याकडे मैत्री म्हटली की कर्णाचं नाव निघतं. भर रंगभूमीवर सगळे कूळ विचारत असताना दुर्योधनाने त्याला अंगदेशाचा राजा केलं आणि कर्णाने ते ऋण जन्मभर फेडलं, यावर आपण डोळ्यांत पाणी आणून बोलतो आणि त्यात चूक काही नाही, ती मैत्री खरीच होती. पण द्यूतसभेत काय झालं ते आपण फार भरभर उरकतो. द्रौपदीला ओढत आणलंय, ती विचारतेय की जो आधी स्वतःला हरला त्याला मला पणाला लावायचा अधिकार होता का, आणि सगळे थोर लोक खाली बघतायत. तेव्हा बोलतो कोण, तर विकर्ण, दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ. तो उभा राहून म्हणतो की हे बरोबर नाही, ही जिंकली गेलेली नाही. आणि त्याला गप्प बसवतो कोण, तर कर्ण. तू पोर आहेस, तुला धर्म कळत नाही म्हणतो, द्रौपदीला नाही नाही ते बोलतो, आणि तिची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगतो. स्वतः सूतपुत्र म्हणून सगळ्यांदेखत अपमान सोसलेला माणूस आहे हा. भरल्या सभेत एकट्या पडलेल्या माणसाला काय वाटतं हे तिथे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्याला ते दिसलं नाही कारण तो ज्या बाजूला बसला होता ती मित्राची बाजू होती. विकर्णही पुढे त्याच बाजूने लढला आणि मेला, पण त्या एका दिवशी त्याने जे केलं ते मला सगळ्या महाभारतात फार मोठं वाटतं आणि त्याच्यावर आपण जवळजवळ काही लिहिलं नाही याचं वाईट वाटतं.

तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मध्ये तर ही सभाच पुन्हा भरते, फक्त खेळ म्हणून. हौशी नाटकमंडळी, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी, वेळ घालवायला लुटुपुटीचा खटला लावतात, आणि बघता बघता बेणारेबाईंचं खरं आयुष्य त्या खटल्यात उभं करतात. ज्या प्रोफेसर दामल्यांमुळे हे सगळं झालं तो माणूस गैरहजर आहे आणि त्याच्यावर खटला चालवावा असं एकालाही वाटत नाही. आणि सगळं उरकल्यावर, बाई कोलमडून पडल्यावर, मंडळी पुन्हा पहिल्यासारखी मायेने म्हणतात की अहो खेळच होता तो, मनाला काय लावून घेता. ते मायेने म्हणणं मला त्या खटल्यापेक्षा जास्त लागतं.

लाताने आणि रॉडिन या मानसशास्त्रज्ञांचा १९६९ मधला एक प्रयोग या सगळ्यापाशी मला नेहमी आठवतो. खोलीत माणसं फॉर्म भरत बसलेत, पलीकडच्या खोलीत एक बाई धाडकन पडल्याचा आवाज येतो, ती कण्हते, पाय गेला म्हणते. खोलीत माणूस एकटा असेल तर ७० टक्के वेळा तो मदतीला गेला. शेजारी ढिम्म बसून राहणारा अनोळखी माणूस बसवला तर फक्त ७ टक्के वेळा. दोन अनोळखी माणसं असतील तर ४० टक्के जोड्यांत कुणीतरी उठलं. आणि दोन मित्र असतील तर ७० टक्के. हे वाचून पहिल्यांदा बरं वाटतं, की बघा मित्र असले तर माणूस हलतो. पण जरा थांबून हिशेब केला तर दिसतं की तिथे दोन माणसं होती, दोघं आपापल्या मनाने वागले असते तर दहातल्या नऊ जोड्यांत तरी कुणीतरी उठायला हवं होतं. म्हणजे मैत्रीने अनोळखीपणाची भीती बरीच घालवली, तरी काहीतरी अडवून ठेवलंच. मित्राच्या चेहऱ्याकडे बघितलं, तो शांत दिसला, मग ठीक असेल. आणि तोही तेव्हा माझ्याच चेहऱ्याकडे बघत असतो.

आता हे ग्रुपवर कसं होतं ते बघा. कुणीतरी हजर नसलेल्या एका मैत्रिणीबद्दल काहीतरी टाकतं, तिच्या संसाराबद्दल, किंवा तिच्या नोकरी सुटण्याबद्दल, वर "तिचं नेहमीचंच आहे" असं. चार जण हसरे चेहरे टाकतात. दोघांना ते आवडलेलं नसतं, ते गप्प राहतात, मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या दिसतात. मग थोड्या वेळाने त्या दोघांपैकी एक दुसऱ्याला वेगळा मेसेज करतो, मला पण नाही आवडलं यार ते, आणि दुसरा लगेच लिहितो, मला पण नाही, बरं झालं तू बोललास. दोघांना एकदम मोकळं वाटतं. आपण त्या बाकीच्यांसारखे नाही याची खात्री पटते, दोघांतली मैत्री त्या दिवशी आणखी घट्ट होते. आणि ग्रुपवर तो मेसेज तसाच असतो, त्याखाली ते हसरे चेहरे तसेच, आणि जिच्याबद्दल तो आहे तिच्या वाट्याला या दोघांच्या चांगुलपणातलं काहीही आलेलं नसतं. टब आणि फ्रँक त्या टेबलावर हेच करत होते.

म्हणून या विषयावरच्या कथांमध्ये मला रेमंड कार्व्हर यांची 'सो मच वॉटर सो क्लोज टू होम' सगळ्यात जवळची वाटते. चार मित्र मासे पकडायला दूर डोंगरात नदीवर जातात, कितीतरी मैल चालत. तिथे पोचल्यावर त्यांना पाण्यात एका तरुण मुलीचं प्रेत दिसतं. आता काय करायचं? अंधार पडलाय, दमलोय, गाडी लांब आहे, ती तर मेलीच आहे, ती कुठे जातेय. एकेक कारण वेगळं घेतलं तर प्रत्येक कारण बरोबर आहे. ते तिच्या मनगटाला दोरी बांधून ती झाडाला बांधतात, वाहून जाऊ नये म्हणून, आणि तिथेच राहतात, मासे पकडतात, दारू पितात, पत्ते खेळतात, आणि परतताना फोन करून पोलिसांना कळवतात. दोरी बांधली यात त्यांना वाटतं की आपण काळजी घेतली. ही दोरी लिहिणारा माणूस स्वतःला फसवणं काय असतं ते किती खोल ओळखून होता.

पण कार्व्हर यांनी ही कथा त्या चौघांपैकी कुणाला सांगायला दिली नाही. ती सांगते एकाची बायको, क्लेअर, जी नदीवर नव्हतीच. नवरा चिडतो, म्हणतो आम्ही काय चुकीचं केलं सांग, आणि तिला नेमकं सांगताही येत नाही, ती फक्त तिथून हलत नाही. एकटी गाडी चालवत त्या मुलीच्या अंत्यविधीला जाऊन येते, कुणीही ओळखीचं नसताना.

या कथेच्या दोन आवृत्त्या छापल्या गेल्यात. १९८१ च्या संग्रहात संपादक गॉर्डन लिश यांनी ती फार कापली आणि तिथे शेवटी नवरा क्लेअरला जवळ घेतो आणि तीसुद्धा पुढे होऊन घाई करते, मुलगा यायच्या आत. खूप लोकांना हा शेवट जास्त धारदार वाटतो आणि का वाटतो ते मला समजतं, एकदम थंडगार आहे तो, पाचवं माणूसही त्या चौघांत जाऊन बसतं. लांब आवृत्ती, जी कार्व्हर यांनी नंतर १९८८ च्या निवडक कथांच्या पुस्तकात पुन्हा घेतली, तिच्यात क्लेअर मान्य करत नाही. नवरा विनवतो, ओरडतो, तिच्या खोलीचं दार उघडतो, फोन करतो, आणि ती शेवटपर्यंत त्याला एवढंच म्हणते की ती लहान मुलगी होती रे.

मला लांब आवृत्ती खरी वाटते. तिच्यात क्लेअर जिंकत नाही, नवऱ्याला काही उमगत नाही, चौघांची मैत्रीही बहुतेक तशीच चालू राहणार. पण तिथे कुणीतरी नदीतल्या मुलीबद्दल बोलतंय. छोट्या आवृत्तीत शेवटी बाकी सगळ्यांबद्दल काही ना काही कळतं, त्या मुलीचा मात्र शब्दही उरत नाही, आणि कार्व्हर यांनी ती पानं परत आणली तेव्हा तिलाही परत आणलं असं मला वाटतं.